कोळशाचा अंगठा

केरबानाना रोज सकाळी नऊच्या सुमाराला वकिलांच्या ओसरीवर यायचे, माझ्या डेस्कापुढे उकिडवे बसायचे आणि माझ्या तोंडावर फुंकर मारायचे. "हुंगा," म्हणायचे. मी हुंगायचो. बिडीचा वास यायचा, कांद्याचा यायचा, कधी कडुलिंबाच्या काडीचा यायचा. दारूचा येत नसे. मग मी वही उघडायचो, तारीख घालायचो, पुढे 'वास नाही' असं लिहायचो आणि सही करायचो. सहीपुढे बी. ए. लिहिलंच पाहिजे असा नानांचा हट्ट होता. खरं सांगायचं तर माझाही होता. ते झालं की नाना आपला उजवा अंगठा त्या ओळीच्या शेवटी टेकवायचे. त्याला शाई लावावी लागत नसे. अंगठा कोळशानं काळाच असायचा.

मी त्या वेळी साताऱ्यात एका फौजदारी वकिलांकडे कारकून होतो. वकिलांना सगळे भाऊसाहेब म्हणत. माझे वडील कोरेगावच्या बाजारात गुळाच्या ढेपा वाहायचे. आमच्या घरात माझ्या आधी कुणी सही केली नव्हती. कागदावर आमच्याकडचे सगळे अंगठेच होते. सांगलीला चार वर्षं काढून मी बी. ए. झालो, तेव्हा वडिलांनी माझी सही एका कोऱ्या कागदावर करून घेतली आणि तो कागद पागोट्यात ठेवला. हे सांगतो ते मोठेपणासाठी नव्हे. माझ्या सहीला त्या वेळी काय वजन आहे असं मला वाटत होतं, ते वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो.

नानांची माझी ओळख कॉलेजातली. म्हणजे मी कॉलेजात आणि ते सातारा-सांगली सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर. नाना मूळचे माणदेशातले, धनगराच्या घरातले. मेंढरं सोडून पलटणीत गेले, इराकात बसऱ्याकडे लष्करी लारी चालवली, आणि हिवतापानं नाव कमी झालं तसे दुसऱ्या महायुद्धाच्या मध्यावरच परत आले. पेट्रोल मिळत नव्हतं ते दिवस. मोटारीच्या पाठीमागे कोळशाच्या गॅसचं मोठं पिंप बसवलेलं असे. कोळसा सुपारीएवढा फोडून त्यात भरायचा, पेटवायचा, आणि गॅस धरेपर्यंत उतारूंनी अर्धा तास धूर खात बसायचं. चढ लागला की निम्म्यांनी खाली उतरायचं. एवढ्या सगळ्या हालांत नाना मला पुढच्या बाकावर आपल्या शेजारी बसवायचे.

"हितं बस रं पोरा," म्हणायचे. "आन् पुस्तक काढ. माझ्या गाडीत शिकणारं माणूस बसलंय, त्ये रस्त्याला दिसू दे."

मी पास झालो त्या दिवसापासून त्यांनी मला 'तुम्ही' म्हणायला सुरुवात केली. मी म्हटलं, "नाना, पूर्वीसारखंच म्हणा की." तर म्हणाले, "आता तुमास्नी रं म्हणून कसं भागंल? परीक्षा तुमी दिली, म्या न्हाई." आणि मग नुसतंच 'बीये' म्हणू लागले. साऱ्या स्टँडवर माझं तेच नाव झालं.

नाना पितात हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. पलटणीत रमची सवय लागली आणि घरी येताना ती त्यांच्याबरोबर आली. इस्लामपूरला मोटार थांबली की ते दहा मिनिटं कुठं तरी जाऊन येत. पुढच्या बाकावर बसून चार वर्षं मी तो वास घेतला. एकदाही काही बोललो नाही. मानाची जागा होती, आणि गाडी वेळेवर पोचत होती.

लढाई संपल्यानंतरच्या वर्षी, एका दुपारी, ती पोचली नाही. सांगलीहून येताना, अजिंक्यतारा दिसायला लागल्यावर, मोटार रस्ता सोडून उजव्या कडेच्या वडाला घासली. हौसाबाई म्हणून एक बाई खिडकीशी बसली होती. सांगलीला हळदीच्या वखारीत ती हळकुंडं निवडायची. लेकीकडे साताऱ्याला निघाली होती. धक्के बसतात म्हणून तिनं खिडकीची दांडी बाहेरून धरली होती. उजवा हात मोटार आणि बुंधा यांच्यामध्ये सापडला. डॉक्टरांनी तो मनगटापासून काढला.

पोलिसांनी नानांना सरकारी डॉक्टरांपुढे नेलं. डॉक्टरांनी त्यांना फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं, तोंड हुंगलं आणि दारू प्यायल्याचा दाखला लिहून दिला. मोटारमालकानं जामीन दिला आणि त्याच दमात कामावरून काढलं. लायसन पोलिसांनी ठेवून घेतलं. नाना स्टँडवर मोटारींसाठी कोळसा फोडायच्या कामाला लागले. खटला भाऊसाहेबांकडे आला. भाऊसाहेबांनी कागद वाचून विचारलं, "केरबा, चाक निसटलं होतं का? ब्रेक लागला नाही, असं काही?"

"न्हाई सायेब. गाडीला काय बी झालं न्हवतं. जे झालं हुतं त्ये मला."

भाऊसाहेबांनी कागद मिटले. अशी अशिलं त्यांना आवडत नसत. मग म्हणाले, "तर मग गुन्हा कबूल करू आणि दंडावर भागवायचं बघू. पण एक थेंब जरी प्यालास तर माझ्या दारात येऊ नकोस."

त्यानंतर दोन दिवसांनी नाना शाळेतल्या पोरांची वही घेऊन माझ्यापुढे येऊन बसले. त्यांचं म्हणणं त्यांनी पुरतं घोळवून आणलं होतं. "सरकारी डाक्टरनं हुंगलं आन् कागद केला. त्यो कागद कोर्टात चालतो. व्हय का न्हाई?"

"चालतो."

"मग तुमी हुंगून कागद केला तर त्यो का चालू नये? त्यो बी शिकल्याला, तुमी बी शिकल्यालं."

मी त्यांना समजावून सांगायला हवं होतं, की बी. ए. ही वास ओळखण्याची परीक्षा नाही. पण डॉक्टरांच्या पंक्तीला मला आजवर कुणी बसवलं नव्हतं. मी वही घेतली. नाना म्हणाले, "पलटणीत रोज हाजरी व्हायची. हाजरी असली की माणूस पळून जात न्हाई. माजी बी रोज घ्या."

भाऊसाहेबांनी वही पाहिली तेव्हा चष्मा कपाळावर चढवला. "हे घेऊन मी कोर्टात जायचं?" म्हणाले. महिना झाला, दीड महिना झाला, वहीची पानं भरत गेली, तेव्हा एकदा स्वतःच मागून घेतली, चाळली, आणि म्हणाले, "असू दे. शिक्षेच्या वेळी दाखवू. मॅजिस्ट्रेट माणूसच असतो."

ते दिवस आठवले की मला आजही थकल्यासारखं होतं. काहीच घडत नसे. कोर्टात तारीख पडायची, आम्ही जायचो, दिवसभर लिंबाखाली बसायचो, आणि चार वाजता पुढची तारीख घेऊन परत यायचो. एकदा मॅजिस्ट्रेट दौऱ्यावर, एकदा फौजदार रजेवर, एकदा डॉक्टरच आले नाहीत. नानांचे हात थरथरायचे ते हळूहळू थांबले. गालफडं बसली. झोप येत नाही म्हणायचे. मी एकदा विचारलं, "नाना, लय अवघड जातंय का?"

"आवघड न्हाई वो, बीये. कटाळवाणं हाय. पिणाऱ्याचा दिस कवा सरतो कळत न्हाई, आन् न पिणाऱ्याचा सरतच न्हाई. कोळसा फोडतो, बिडी वडतो, पुन्ना कोळसा फोडतो, तरी आपलं सकाळचं दहाच वाजल्यालं."

स्टँडवरचे ड्रायव्हर त्यांची टर उडवायचे. मी स्वतः ऐकलंय. "काय नाना, बीएचा मुका घेऊन आला व्हय?" नाना मान वर न करता हातोडी चालवत म्हणायचे, "आलो की. तुला पायजे असंल तर रांगंला हुबा ऱ्हा." आणि कधी मला सांगायचे, "आज कांदा लय खाल्लाय, जरा दम धरून हुंगा."

मला त्या वहीचा अभिमान वाटू लागला होता. एकाखाली एक 'वास नाही', एकाखाली एक सही, आणि शेवटी काळ्या अंगठ्यांची रांग. माझं अक्षर चांगलं आहे. एकही खाडाखोड नव्हती. मनातल्या मनात मी ते नानांचं काम मानत नव्हतो, माझं मानत होतो.

शेवटच्या तारखेच्या आधी दहा-बारा दिवस मला एका निकालाच्या नकलेसाठी सांगलीला जायचं होतं. नाना म्हणाले, "म्या बी येतो. त्या बाईला भेटायचं हाय." इतके दिवस त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं.

हौसाबाई वखारीतच भेटली. मालकानं तिला परत कामावर घेतलं होतं. पोत्यावर बसून ती डाव्या हातानं हळकुंडं निवडत होती. तो हात कोपरापर्यंत पिवळा होता. उजवा पदराखाली होता. नाना दारात उभे राहिले.

"कोन हाय?" तिनं विचारलं.

"म्या. डायवर."

तिनं जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "हुबा का? बस की."

नाना बसले. हळकुंडं एका सुपातून दुसऱ्या सुपात पडत होती. जाड एकीकडे, बारीक दुसरीकडे.

"मावशी, म्या सोडली," नाना म्हणाले. "चार म्हैनं व्हत आलं."

"बरं केलंस."

"रोज हाजरी देतो. ह्ये बीये हायत, ह्येंच्या वहीत."

"बरं केलंस बाबा," ती पुन्हा म्हणाली. हात थांबला नाही. "पर माजा हात काय त्यानं उगवतोय व्हय? रागावून न्हाई बोलत म्या. नुसतं इचारतीया."

निघताना नानांनी तिच्या पुढ्यातलं भरलेलं सूप उचलून कोपऱ्यातल्या पोत्यात ओतलं आणि रिकामं परत आणून ठेवलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मला जमतंय आता."

परतीच्या मोटारीत ते मागच्या बाकावर बसले. इस्लामपूरला मोटार थांबली तेव्हा खाली उतरले. मी पुढे वर्तमानपत्र वाचत होतो. दहा मिनिटांनी ते परत आले. मी मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता नाना ओसरीवर आले. उकिडवे बसले. फुंकर मारली. "हुंगा."

वास होता. शिळा, आंबूस, पुढच्या बाकावरचा माझ्या ओळखीचा वास. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली नाही. "लिवा," म्हणाले.

मी तारीख घातली. टाक दौतीत बुडवला. कोर्टाची तारीख दहा दिवसांवर आलेली. त्या स्वच्छ रांगेत एक डाग पडला तर भाऊसाहेब वही फेकून देतील असं मला वाटलं. नानांना वाचता येत नाही हेही मला ठाऊक होतं. मी लिहिलं, 'वास नाही'. सही केली. बी. ए. लिहिलं. वही त्यांच्यापुढे सरकवली.

नानांनी त्या ओळीकडे बघितलं. मग वरच्या ओळीकडे, त्याच्या वरच्या ओळीकडे. पुन्हा खाली. मी म्हटलं, "अंगठा द्या."

"आज कोळशाला गेलो न्हाई," ते म्हणाले. "हात सवच्छ हायत."

आणि उठून गेले. मला वाटलं, मी एका माणसाला वाचवलं. त्या दिवशी मी घरी जाऊन चांगला जेवलो. दुसऱ्या दिवसापासून नाना पुन्हा काळा अंगठा घेऊन येऊ लागले आणि वास पुन्हा आला नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

शेवटच्या तारखेला कोर्टात सगळे हजर होते. नानांनी गुन्हा कबूल केला. भाऊसाहेब शिक्षेवर बोलायला उभे राहिले, छान बोलले, आणि शेवटी ती वही मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे ठेवली. साहेब वयस्क होते. आधी त्यांना गंमत वाटली. मग ते पेन्सिलीच्या टोकानं एकेक पान उलटत, मन लावून बघू लागले. भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघून हळूच मान डोलावली. साहेबांची पेन्सिल शेवटून दुसऱ्या पानावर थांबली.

"इथं एका दिवशी अंगठा नाही. का?"

भाऊसाहेब मागे नानांकडे झुकून पुटपुटले, "विसरलो म्हण."

"त्या दिशी वास हुता, सायेब."

"पण इथं वास नाही असं लिहिलंय."

"व्हय. त्ये खोटं हाय. मला वाचाय येत न्हाई, पर रोजची वळ कशी दिसती त्ये ठावं झालं हुतं. त्या दिशीची बी तशीच दिसली. म्हून म्या अंगठा दिला न्हाई."

साहेबांनी वर बघितलं. "हे बी. ए. कोण?"

मी उभा राहिलो.

"सही तुमची?"

"होय साहेब."

"त्या दिवशी वास आला होता?"

नाही म्हटलं असतं तर माझी सही शाबूत राहिली असती आणि नाना वेडे ठरले असते. मी नानांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"होय साहेब. आला होता."

साहेबांनी वही मिटली. "एक नोंद खोटी निघाल्यावर बाकीच्यांवर मी विश्वास कसा ठेवू?" म्हणाले. आवाजात राग नव्हता. दिवसभराच्या कामाचा शीण होता. नाना म्हणाले, "बाकीच्या खऱ्या हायत, सायेब." साहेब म्हणाले, "असतील." आणि तीन महिने सक्तमजुरी लिहिली. लायसन कायमचं रद्द झालं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर भाऊसाहेब मला म्हणाले, "तू खरं लिहिलं असतंस तर वही उभी राहिली असती. चार महिन्यांत एकदा पडलेला माणूस कोर्टाला समजतो. एकदाही न पडलेला त्याला कळत नाही." एवढं बोलून ते दुसऱ्या खटल्याला निघून गेले. मला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

नानांना शिपाई घेऊन चालला तेव्हा मी आडवा गेलो. नानाच आधी म्हणाले, "वही मागून घ्या आन् जपून ठेवा. आलो की काम हाय."

तीन महिन्यांनी, सकाळी नऊ वाजता, ते ओसरीवर आले. डोक्याचे केस बारीक कापलेले, दंडावरची कातडी सैल झालेली. उकिडवे बसले. "वही काढा," म्हणाले. मी काढली. त्यांनी बोटानं बरोबर ते पान उघडलं आणि बरोबर त्या ओळीवर बोट ठेवलं.

"खरं लिवा."

मी 'नाही' खोडलं आणि वर 'होता' लिहिलं. शेजारी पुन्हा सही केली. या वेळी बी. ए. लिहिलं नाही.

"आता खाली लिवा, खोटं का लिवलं हुतं त्ये."

मी टाक धरून बसलो. मग म्हटलं, "नाना, तुमची दया आली म्हणून."

"न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "दया आली आसती तर तुमी माझ्याशी बोलला आसता. इस्लामपुरात म्या उतरलो तवाच मागं वळून बघितलं आसतं. तुमास्नी वाटलं, ह्यो अडाणी, ह्याला काय कळतंय. आन् वही चांगली दिसत हुती."

मी तेच लिहिलं. त्यांच्या शब्दांत लिहिलं नाही, माझ्या शब्दांत लिहिलं, पण तेच. मोठ्यानं वाचून दाखवलं. नानांनी ऐकलं, मान डोलावली, आणि सदऱ्याच्या खिशातून कोळशाचा एक तुकडा काढला. येताना स्टँडवरून उचलून आणला होता. अंगठ्यावर तो घासला आणि त्या रिकाम्या जागी अंगठा टेकवला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

"आता आजची घ्या," म्हणाले, आणि माझ्या तोंडावर फुंकर मारली.

नानांना पुढे मोटार कधीच चालवता आली नाही. दोन वर्षं त्यांनी स्टँडवर कोळसा फोडला आणि रोज नऊ वाजता येत राहिले. कुठलंही कोर्ट ती वही मागणार नव्हतं तरी येत राहिले. वह्या तीन झाल्या. पेट्रोल मिळू लागलं तशी मोटारींच्या पाठीमागची पिंपं निघाली, कोळशाचं काम संपलं, आणि ते माणदेशात भावाच्या मेंढरांकडे गेले. जाताना माझ्या पुढच्या बाकाची आठवण काढून हसले आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले. काही वर्षांनी तिकडेच वारल्याचं कळलं.

त्यांच्या गावचा एक माणूस मागे भेटला होता. म्हणाला, "नाना शेवटपतोर शिवले न्हाईत बगा दारूला." असेलही. मला तरी तसंच वाटतं. पण त्या वह्या माझ्याकडे आहेत, आणि तिसरीची शेवटची काही पानं कोरी आहेत. त्यांवर मी काही लिहिणार नाही. तिथं हुंगायला मी नव्हतो.